तडा कोठून येतो? निकेलच्या ओतीव मिश्रधातूंचा एक इतिहास

'निकेल' हा शब्द मुळात एक शिवी आहे. सॅक्सनीच्या डोंगराळ भागातील जर्मन खाणकामगारांना तांबूस झाकेचे एक खनिज सापडे. रंगावरून त्यात तांबे असावे असे वाटे. पण भट्टीत घातल्यावर तांबे काही हाती लागत नसे, उलट आर्सेनिकची विषारी वाफ तेवढी बाहेर पडे. कष्ट वाया गेलेल्या त्या माणसांनी दोष खाणीत वावरणाऱ्या एका खोडसाळ भुताच्या माथी मारला आणि खनिजाचे नाव ठेवले 'कुप्फरनिकेल', म्हणजे तांब्याचे भूत. १७५१ साली आक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने अशाच एका खनिजातून नवा धातू वेगळा काढला आणि पुढे त्याला नाव देताना 'तांबे' गाळून 'निकेल' तेवढे ठेवले. तांबे गेले, भूत राहिले.

व्युत्पत्तीचा नाद आम्हां भाषाशिक्षकांना असतोच, आणि तो दर वेळी काही मोलाचे हाती देतो असे नाही. या प्रकरणी मात्र देतो. निकेलच्या मिश्रधातूंचा इतिहास वाचू लागल्यावर तोच जुना प्रश्न वेगवेगळ्या वेषांत भेटत राहतो: धातूने दगा दिला, तर दोष कोणाचा? भुताच्या जागी प्रथम गंधक आले, मग बोरॉन आणि झिर्कोनियम, मग कार्बाइडाचे कण. आणि अखेर, आपल्या शतकात, बोट वळले ते ज्या घटकामुळे या धातूंना त्यांचे बळ लाभते त्याच घटकाकडे. आरोपांची ही परंपरा प्रस्तुत लेखात मांडावी असा विचार आहे. आम्ही मराठीचे अध्यापक, धातुशास्त्राचे नव्हे. परंतु कारणमीमांसा कशी बदलत जाते, हा विषय कोणा एका ज्ञानशाखेच्या मालकीचा आहे असे आम्ही मानत नाही.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. जेट इंजिनात जळत्या वायूंच्या झोतात टर्बाइनची पाती फिरत असतात. आधुनिक इंजिनांत या झोताचे तापमान पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही अधिक असते. पात्याच्या पोटात वाटा ठेवून त्यांतून हवा खेळवली जाते, म्हणून ते तगते. शिवाय मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगामुळे पाते सतत बाहेर ओढले जात असते, आणि तापलेला धातू अशा ओढीखाली अगदी सावकाश लांबत जातो. हे लांबणे रोखण्यासाठी जे निकेलचे मिश्रधातू घडवले गेले त्यांना 'सुपरअलॉय' म्हणतात. पाते वापरून वापरून टोकाशी झिजते. नवे पाते फार महाग, म्हणून झिजलेल्या टोकावर वेल्डिंगने धातू चढवून ते पुन्हा मापात आणायचे असते. आणि येथेच अडते. ज्या धातूने हजारो तास आग सोसली, तो वेल्डिंगच्या काही सेकंदांच्या उष्णतेने तडकतो. तडा कित्येकदा केसाहून बारीक आणि पृष्ठभागाच्या खाली असतो. तो नजरेतून सुटला आणि पाते इंजिनात बसले, तर तुटलेला तुकडा मागच्या पात्यांच्या रांगा फोडत जाऊ शकतो. तेव्हा प्रश्न पैशाचा आहेच, पण विमानात बसलेल्या माणसांचाही आहे.

परिभाषेविषयी दोन शब्द. 'हॉट क्रॅकिंग'ला आम्ही येथे 'तप्त तडा' म्हणत आहोत. 'वेल्डिंग'ला प्रतिशब्द शोधत बसलो नाही, कारण वर्कशॉपात दुसरा शब्द कोणी उच्चारत नाही. ठोकून आकार दिलेला तो 'घडीव' आणि साच्यात ओतलेला तो 'ओतीव', ही जोडी मात्र आपल्या तांबट-ओताऱ्यांनी आयतीच करून ठेवली आहे, आणि पुढील सर्व कथेला ती पुरते.

एकोणिसाव्या शतकात निकेलची अडचण वरवर पाहता साधी होती. तापवून लाटायला किंवा ठोकायला घेतले की ते फुटे. १८७९ साली वेस्टफेलियातील इझरलोन गावच्या थिओडोर फ्लाइटमन याला असे आढळले की, वितळलेल्या निकेलमध्ये अगदी थोडे मॅग्नेशियम टाकले, तर तेच निकेल निमूटपणे लाटले जाते. उपाय सापडला. कारणाचा खुलासा व्हायला पुढे ४६ वर्षे जावी लागली. १९२५ साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने पॉल मेरिका आणि वॉल्टनबर्ग यांचा निकेलच्या घडणसुलभतेवरील प्रबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात गंधकावरील आरोप निश्चित झाला.

गुन्ह्याची ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तडे याच घराण्यातले आहेत. वितळलेला धातू गोठतो तेव्हा तो असंख्य ठिकाणी एकदम गोठू लागतो. प्रत्येक ठिकाणी एकेक स्फटिक-कण वाढतो, आणि वाढणारे कण एकमेकांना भिडतात तेथे कणसीमा तयार होते. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते. निकेल आणि त्याचे सल्फाइड यांचे मिश्रण मात्र ६४० अंशांच्या आसपासच पातळ होते. गोठणारे कण गंधकाला आपल्यात सामावून घेत नाहीत, पुढे पुढे ढकलतात. म्हणून एकूण धातूत ते नाममात्र असले, तरी शेवटी सगळे कणसीमांवर येऊन साचते. असा तुकडा हजार अंशांना तापवला, तर बाहेरून तो घट्टच दिसतो. आत मात्र ओल्या चिखलात रचलेल्या विटांच्या भिंतीसारखी त्याची अवस्था असते. हातोड्याचा घाव पडतो आणि विटा सुटतात. मॅग्नेशियम गंधकाला आपल्याशी बांधून घेते, आणि ते संयुग सहजासहजी वितळत नाही. म्हणजे तप्त तड्यास दोन गोष्टी लागतात: सीमेवर उरलेला द्रवाचा पापुद्रा, आणि नेमक्या त्याच वेळी पडलेला ताण.

मेरिका यांचे नाव या इतिहासात दोनदा येते, आणि हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. तडा का जातो हे सांगणाऱ्या याच गृहस्थांनी, वॉल्टनबर्ग आणि स्कॉट यांच्यासह, १९१९ साली ड्युराल्युमिन हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू काही काळ ठेवल्यावर आपोआप कठीण का होतो याचा उलगडा केला होता: धातूत विरघळून राहिलेला घटक हळूहळू अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि ते कण धातूला सरकू देत नाहीत. पुढे इंटरनॅशनल निकेल कंपनीत गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती निकेलवर चालवली. त्यासाठी निकेलमध्ये अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम घातले. त्यातून जे सूक्ष्म कण निपजतात त्यांना आज 'गॅमा प्राइम' म्हणतात. त्यांचा एक गुण फारच विलक्षण आहे. बहुतेक धातू तापले की मऊ पडतात. गॅमा प्राइमचे बळ मात्र सातशे-आठशे अंशांपर्यंत उलट वाढत जाते.

या गुणाची गरज पडली ती युद्धात. फ्रँक व्हिटल याने जेट इंजिनाच्या पेटंटासाठी जानेवारी १९३० मध्ये अर्ज केला होता. १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे त्याचे इंजिन प्रथम चालले, आणि १५ मे १९४१ रोजी ग्लॉस्टर कंपनीच्या विमानाने ते घेऊन क्रॅनवेल येथून उड्डाण केले. सुरुवातीची पाती खास पोलादांची होती, आणि ती फार दिवस टिकणार नव्हती. माँड निकेल कंपनीच्या बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी विजेच्या शेगडीतील तारेचा जुना मिश्रधातू, म्हणजे चार भाग निकेल व एक भाग क्रोमियम, हाती घेतला. त्यात टायटॅनियम आणि थोडे अॅल्युमिनियम घालून १९४१ साली 'निमॉनिक ८०' सिद्ध केला. सुपरअलॉयच्या इतिहासग्रंथांत हे पान सोनेरी शाईने लिहिलेले असते, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. येथून पुढची दिशा मात्र ठरून गेली: गॅमा प्राइम वाढवा.

वाढवण्याला दोन अडथळे होते. अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन-नायट्रोजनला हावरटपणे धरतात, त्यामुळे उघड्या भट्टीत त्यांचे प्रमाण फार वाढवता येत नसे. १९५०च्या दशकारंभी फलीह दरमारा यांनी अमेरिकेत निर्वात भट्टीत वितळवण्याची पद्धत कारखानी पातळीवर आणली आणि हा अडथळा सरला. दुसरा अडथळा बळाच्याच पोटचा होता. गॅमा प्राइम एका मर्यादेपलीकडे गेल्यावर धातू तप्त स्थितीतही ठोकता येईना. मग पाती घडवण्याऐवजी ओतू लागले. ओतण्याची ही रीत इंजिनांच्या जगात आली ती दंतवैद्यकातून. कृत्रिम दातांच्या कामासाठी ऑस्टेनल या अमेरिकी कंपनीने 'व्हायटॅलियम' हा कोबाल्टचा मिश्रधातू आणि तो मेणाच्या नमुन्यावरून अचूक ओतण्याची कला विकसित केली होती; युद्धकाळात त्याच धातूची आणि त्याच कलेची पाती टर्बोसुपरचार्जरमध्ये बसू लागली.

मेणाचा नमुना, त्यावर मातीचे लेप, तापवून मेण वितळवून काढणे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतणे, हे वर्णन आमच्या वाचकांना अपरिचित नसावे. कल्याणीच्या चालुक्यवंशी सोमेश्वर तिसऱ्याचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक असतो तो त्यातील जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे. त्याच ग्रंथात मूर्ती ओतण्याची ही मधूच्छिष्ट-रीत सविस्तर दिली आहे. मेणाच्या वजनावरून धातूचे वजन किती घ्यावे याचे प्रमाणही आहे. तेथून ही विद्या अमेरिकी दंतशाळेत गेली, असे सुचवण्याचा आमचा अजिबात मानस नाही. तसली ओढाताण आमच्याकडे पुरेशी होते. अभ्यासक्रमात एका ग्रंथाची दोनच पाने लावली की उरलेला ग्रंथ कसा नाहीसा होतो, एवढेच जाता जाता नोंदवतो.

आता मुशीची गोष्ट. १९५०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात डेकर, रो आणि फ्रीमन हे तिघे एका गुंतागुंतीच्या निकेल-मिश्रधातूवर काम करत होते. एकाच कृतीने वितळवलेले घाणे वेगवेगळे वागत: काही ओढीखाली लवकर तुटत, काही कितीतरी अधिक टिकत. घटकांच्या प्रमाणात फरक सापडेना. अखेर उलगडा झाला तो असा की, फरक मुशीचा होता. मुशीच्या अस्तरातून बोरॉनचा किंवा झिर्कोनियमचा अंश वितळलेल्या धातूत उतरत होता, आणि शेकडा शतांशांत मोजावा असा तो अंश कणसीमांवर जाऊन त्यांना बळकट करत होता. १९५८ च्या नाका-अहवालात हे सारे नोंदलेले आहे. (नासाची पूर्वज संस्था ती नाका.) 'मुशीतून निघणे' हा वाक्प्रचार आपण किती सैलपणे वापरतो, हे हा अहवाल वाचताना जाणवले. येथे मुशीने आपला अंश धातूला दिला होता, आणि त्या अंशावर धातूचे आयुष्य ठरत होते. त्यानंतर ओतीव सुपरअलॉयच्या पाककृतींत बोरॉन आणि झिर्कोनियम जाणूनबुजून घातले जाऊ लागले.

पाककृती लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ही फत्ते होती. वेल्डिंग करणाऱ्यांच्या वाट्याला मात्र तिचे दुसरे टोक आले. बोरॉन आणि झिर्कोनियम कणसीमेवर जातात ते, गंधकाप्रमाणेच, गोठणाऱ्या कणांनी त्यांना बाहेर ढकलल्यामुळे. आणि गंधकाप्रमाणेच ती दोघेही शेवटच्या द्रवाचा वितळबिंदू खाली ओढतात. वेल्डिंगचा टाका म्हणजे तरी काय? बोटाच्या पेराएवढ्या जागेत, क्षणार्धात उरकलेले एक ओतकामच. धातूच्या फांद्या सर्व बाजूंनी आत वाढत येतात, मधला द्रव आटत जातो, आणि भोवतालचा थंड, ताठर धातू आकुंचनाला वाव देत नाही. पापुद्रा आणि ताण एकाच वेळी हजर.

या विषयाचे सिद्धान्त मुख्यतः १९४८ ते १९६० या काळात घडले. पम्फ्री आणि जेनिंग्ज यांनी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर, पेलिनी यांनी १९५२ साली ओतकामावर, आणि बोरलँड यांनी १९६० साली सर्व धागे एकत्र करून मांडणी केली. त्यांतील मतभेदांत आम्ही शिरत नाही. एक निरीक्षण मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. शेवटचा द्रव फारच थोडा असेल, तर तडा जात नाही, कारण पापुद्रा अखंड पसरत नाही. तो पुष्कळ असेल, तरी जात नाही. उघडू पाहणाऱ्या फटीत तो स्वतःच वाहत जाऊन ती बुजवतो, आणि धातुशास्त्रज्ञ याला 'भरून येणे' असा जखमेला लावावा तो शब्द लावतात. घातक असते ते मधले प्रमाण: सर्वत्र लेप बसेल इतका द्रव, पण फट भरेल इतका नाही. निकेलचे बहुतेक जबर मिश्रधातू नेमके या मधल्या पट्ट्यात येतात.

१९६५ साली रेन्सेलर पॉलिटेक्निकमधील सॅव्हेज आणि लुंडिन यांनी 'व्हॅरेस्ट्रेंट' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. वेल्डिंग चालू असतानाच पट्टी ठरावीक वाकाच्या ठोकळ्यावर एकदम वाकवायची आणि पडलेल्या तड्यांची लांबी मोजायची. कल्पना इतकी साधी की आधी कोणाला कशी सुचली नाही असे वाटावे. तिच्यामुळे 'हा धातू वेल्डिंगला वाईट' ही कारागिराची तोंडी तक्रार आकड्यांत मांडता आली. आमच्या दृष्टीने या इतिहासातील हा महत्त्वाचा क्षण आहे, आणि त्यातच त्याची उणीवही दिसते. पेटंटे मिश्रधातू शोधणाऱ्यांच्या नावावर आहेत, चाचण्या प्राध्यापकांच्या. ज्यांच्या हाताखाली तडे गेले आणि ज्यांनी प्रथम 'हे जमत नाही' असे म्हटले, त्या वेल्डरांची नावे आम्ही पाहिलेल्या प्रबंधांत नाहीत.

तडे टाक्यातच पडत असते, तर प्रकरण येथवर मिटले असते. पण ओतीव धातूत ते टाक्याच्या शेजारी, जो भाग वितळवलेलाच नाही अशा पट्ट्यात पडत. न वितळलेल्या जागी द्रव आला कोठून? १९६६-६७ च्या सुमारास याचे उत्तर मिळाले. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीतील ओझार्स्की, डुव्हाल आणि सुलिव्हन यांनी निकेलच्या मिश्रधातूंत, आणि पेपे व सॅव्हेज यांनी एका पोलादात दाखवून दिले की, धातूतील कार्बाइडासारखे कण हळूहळू तापवले तर भोवतालच्या धातूत शांतपणे विरघळून जातात. झपाट्याने तापवले तर विरघळायला त्यांना वेळच मिळत नाही. मग कण आणि भोवतालचा धातू यांच्या सीमेवर, दोघांच्याही वितळबिंदूच्या खाली, द्रव तयार होतो आणि कणसीमांतून पसरतो. 'कॉन्स्टिट्यूशनल लिक्वेशन' असे त्याचे बोजड नाव. आरोपीच्या पिंजऱ्यात आता कार्बाइडाचे कण उभे राहिले.

याच सुमारास एक वेगळे संकट गाजत होते, आणि दोहोंची गल्लत आजही होते. मर्क्युरी या अमेरिकी अवकाशकुपीच्या बाह्य आवरणासाठी वापरलेला 'रेने-४१' आणि त्याचे भाईबंद वेल्डिंग नीट झाले, तरी नंतरच्या उष्णता-संस्कारात तडकत. यात द्रवाचा संबंध नव्हता. भट्टीत तापत असताना सांध्यातील कोंडलेला ताण सैल व्हायच्या आत गॅमा प्राइम झपाट्याने निपजे, धातू ताठ होई आणि सीमांवर फाटे. यावरचा तोडगा इंटरनॅशनल निकेलच्या हंटिंग्टन येथील हर्बर्ट आयझेलस्टाइन यांच्या हातून निघाला. त्यांच्या 'इन्कोनेल ७१८'मध्ये बळाचा भार मुख्यत्वे नायोबियमवर होता. नायोबियमचे कण सावकाश निपजतात, तोवर सांधा ताण सोडून देतो. १९६२ साली त्याचे पेटंट मंजूर झाले, आणि पुढे तो जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सुपरअलॉयपैकी एक ठरला. तप्त तड्यातून मात्र तोही सुटला नाही: ओतीव ७१८ मध्ये तेच नायोबियम कणसीमांजवळ साचून कमी तापमानाला वितळणारे कण बनवते. एका दारातून काढलेले दुसऱ्या दारातून आत आले.

१९६८ साली प्रेगर आणि शिरा यांनी एक आलेख काढला: आडव्या-उभ्या अक्षांवर अॅल्युमिनियम आणि टायटॅनियमचे प्रमाण, आणि मधून एक तिरकी रेघ. रेघेच्या अलीकडचे मिश्रधातू वेल्डिंगला सोपे, पलीकडचे अवघड. तो उष्णता-संस्कारातील तड्यांबाबत होता. नंतरच्या काळात मात्र तो 'वेल्डिंग जमेल की नाही' या सर्वसाधारण प्रश्नाचा नकाशा म्हणून पाठ्यपुस्तकांत छापला जाऊ लागला, आणि त्याच्या उगमाची मर्यादा हळूहळू गळून पडली. साहित्याच्या इतिहासात असे कालखंडांच्या रेघांबाबत घडते. कोणीतरी एका प्रश्नासाठी ओढलेली रेघ पुढच्या पिढीला भूगोल वाटू लागते.

रेघेच्या पलीकडे राहणाऱ्यांत 'आयएन-७३८' हा ओतीव मिश्रधातू विशेष प्रसिद्ध आहे. वीजनिर्मितीच्या गॅस टर्बाइनांत त्याची पाती मोठ्या प्रमाणात असतात, म्हणून त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्नही मोठा. २००४ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या ओजो, रिचर्ड्स आणि चतुर्वेदी यांनी त्याच्या टाक्याशेजारचे तडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवले की, बोराइडे आणि कार्बाइडे दोषी आहेतच. पण झपाट्याने तापताना खुद्द गॅमा प्राइमचे कणही न विरघळता वितळतात आणि सीमांना द्रव पुरवतात. गॅमा प्राइम हा काही शतांशांचा भेसळ-घटक नव्हे. अशा मिश्रधातूत तो निम्म्याच्या जवळपास जागा व्यापतो. गंधक काढून टाकता येत होते, बोरॉन कमी करता येत होते. हा आरोपी हद्दपार करायचा, तर सुपरअलॉयच उरत नाही.

येथे शोकांतिकेची परिभाषा वापरण्याचा मोह आम्हां मंडळींना होणारच. नायकाचा गुण हाच त्याचा घात, इत्यादी. परंतु नायकाला इच्छा असते, धातूला नसते; आणि कारखान्यातली माणसे नियतीपुढे हात जोडून बसली नाहीत. त्यांनी तडजोडी शोधल्या, आणि त्या तडजोडींचा इतिहास आम्हांला जास्त रोचक वाटतो. एक तडजोड अशी की, टोकावर चढवायचा धातू पात्याच्या धातूइतका बळकट घ्यायचाच नाही. मऊ, सोशीक असा मिश्रधातू घ्यायचा, जो ताण स्वतः गिळतो. टोकावर ओढ कमी असल्याने हे चालते. पात्याच्या मुळाशी चालले नसते. दुसरी अशी की, वेल्डिंगपूर्वी संपूर्ण पाते नऊशे अंशांच्या वर तापवून लाल ठेवायचे, म्हणजे टाका आणि भोवतालचा धातू यांत ताण निर्माण करणारी दरीच कमी होते. तिसरी डुव्हाल, ओझार्स्की आणि पॉलोनिस यांनी १९७४ साली मांडली. वेल्डिंग सोडून देऊन दोन तुकड्यांच्या मध्ये बोरॉनयुक्त पातळ थर ठेवायचा. बोरॉनमुळे तो थर कमी तापमानाला वितळतो, मग बोरॉन हळूहळू दोन्ही बाजूंच्या धातूत मुरत जाते आणि तापमान न उतरवताच सांधा गोठतो. मुशीतून चोरपावलांनी आलेले, सीमा बळकट करणारे, मग तड्यांसाठी बदनाम झालेले बोरॉन येथे त्याच बदनाम गुणामुळे कामी आले.

सीमाच नकोत, हा आणखी एक विचार. प्रॅट अँड व्हिटनीतील फ्रान्सिस व्हरस्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात प्रथम सर्व सीमा पात्याच्या लांबीच्या दिशेने वळवल्या, मग अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओतले. १९८०च्या दशकारंभी अशी पाती प्रवासी विमानांत आली. एप्रिल २०२१ मध्ये हैदराबादच्या डीएमआरएलने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिल्याचे डीआरडीओने जाहीर केले. एकस्फटिकात सीमा नसल्याने बोरॉन-झिर्कोनियमही सुरुवातीला वगळले गेले. पण असे पाते वेल्डिंगने दुरुस्त करू गेल्यास टाक्यात भलत्या दिशेचे कण उगवतात, आणि सीमा परत येतात. या वेळी तर त्यांना बळ देणारे काही जवळ नसते.

गेल्या वीस वर्षांत या जुन्या प्रश्नाला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. धातूची पूड थरावर थर पसरून लेसरने वितळवत वस्तू 'छापण्याच्या' यंत्रांत प्रत्येक थर हा एक टाका असतो. एका पात्यात असे हजारो टाके. 'सीएम-२४७-एलसी'सारखे प्रतिष्ठित ओतीव मिश्रधातू या यंत्रांत घातले की ते अंगभर तडकतात. म्हणून आता या यंत्रांसाठीच नव्या पाककृती संगणकावर मांडल्या जात आहेत. गॅमा प्राइम किती चालेल, तो किती सावकाश निपजला पाहिजे, शेवटचा द्रव किती अंशांच्या पट्ट्यात गोठेल, हे आकडे पहिला घाणा वितळवण्याआधीच काढले जातात. आणि टिकाऊपणाच्या रकान्याशेजारी, तितक्याच रुंदीचा, तड्याचा रकाना असतो.